तक्रार पत्र : जॉब कार्डवरची ‘तपासले, ठीक’ ही नोंद कशाच्या आधारावर केली?

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय : १७ वर्षे जुन्या गाडीचे सुटे भाग न तपासता व्हील अलाइनमेंट केल्याबद्दल आणि तपासणीची खोटी नोंद केल्याबद्दल

महोदय / महोदया,

गेल्या महिन्यात मी आपल्या सर्व्हिस सेंटरमध्ये माझ्या गाडीचे व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन मोजून नीट बसवण्याचे काम, करून घेतले. गाडी १७ वर्षांची आहे. वडिलांनी ती घेतली, ११ वर्षे चालवली आणि मग माझ्या हाती दिली. पहिल्या दिवसापासून तिचे प्रत्येक सर्व्हिसिंग, बदललेला प्रत्येक टायर तारीख आणि किलोमीटरसकट एका वहीत लिहिलेला आहे. या पत्रातले आकडे त्या वहीतले आणि आपण दिलेल्या कागदांवरचे आहेत.

गाडी डावीकडे ओढत होती आणि पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने खात होती. बाहेरची नक्षी शाबूत आणि आतली कड गुळगुळीत, अशी त्यांची अवस्था झाल्यावर मी पुढे दोन नवे टायर घातले आणि दुसऱ्याच दिवशी गाडी आपल्याकडे आणली. नवे टायरही त्याच वाटेने जाऊ नयेत, एवढाच हेतू होता.

गाडी देताना मी सर्व्हिस ॲडव्हायझरना दोन गोष्टी सांगितल्या. गतिरोधकावरून उतरताना पुढच्या डाव्या चाकाकडून ‘टक’ असा आवाज येतो, आणि ब्रेक दाबला की डावीकडची ओढ वाढते. यावरून लोअर आर्मचा (चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याचा) रबरी बुश किंवा टाय रॉड एंड (स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या रॉडच्या टोकाचा सांधा) गेला असावा, म्हणून आधी ते तपासा, खराब असेल तर मला फोन करा, बदलायला माझी तयारी आहे, आणि अलाइनमेंट त्यानंतरच करा, असे मी म्हणाले. हे त्यांनी माझ्यासमोर जॉब कार्डवर लिहून घेतले. त्या कार्डाची प्रत सोबत जोडली आहे.

३५ मिनिटांनी गाडी तयार असल्याचा निरोप आला. हातात रिपोर्ट मिळाला, त्यात पुढच्या चाकांचे सगळे आकडे हिरवे, म्हणजे मर्यादेत. जॉब कार्डवर माझ्या सूचनेसमोर बरोबरची खूण आणि शेजारी दोन शब्द : ‘तपासले, ठीक’. मी विश्वास ठेवला आणि पैसे भरून निघाले.

पहिल्याच सरळ रस्त्यावर लक्षात आले की स्टिअरिंग डावीकडे वाकडे धरले तरच गाडी सरळ चालते. आधी ते सरळ होते. ब्रेक दाबल्यावर डावीकडची ओढ तशीच, ‘टक’ आवाजही तसाच. चौथ्या दिवशी मी परत आले. तेव्हा मला मिळालेले उत्तर शब्दशः लिहिते : “ताई, गाडी जुनी आहे, एवढं चालायचंच. रिपोर्ट तर हिरवा आहे.” स्टिअरिंग वाकडे दिसत असूनही कोणी गाडी रस्त्यावर नेऊन पाहिली नाही, लिफ्टवरही घेतली नाही.

त्यानंतर कामाच्या धावपळीत मी तशीच गाडी चालवली, हे मान्य करते. २,००० किलोमीटर झाल्यावर एका रविवारी टायर पुसताना हात थांबला. वडिलांनी शिकवले होते की टायरची झीज डोळ्यांना दिसायच्या आधी तळहाताला कळते. नक्षीवरून हात आडवा फिरवायचा, एकदा आतून बाहेर आणि एकदा बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे टोचले, तर टो, म्हणजे वरून पाहता चाक आत किंवा बाहेर वळलेले असण्याचा कोन, बिघडलेला आहे. माझ्या नव्या टायरवर हात अगदी तसाच अडकत होता.

मी गाडी दुसऱ्या एका मेकॅनिककडे नेली. त्यांनी ती लिफ्टवर घेतली, डावे चाक घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी दोन हातांनी धरले आणि हलवले. टाय रॉड एंडमधला प्ले (सैलपणा) मला समोर उभे राहून दिसला. मग पहार लावून लोअर आर्म किंचित उचलला, तर मागच्या बुशचे रबर आतल्या लोखंडी नळीपासून सुटलेले. दोन्ही गोष्टी कळायला पाच मिनिटेसुद्धा लागली नाहीत. ज्यांच्यापुढे आपल्याकडे ‘तपासले, ठीक’ असे लिहिले गेले, ते हेच दोन भाग.

पुढे जे दिसले त्याचे फोटो सोबत आहेत. टाय रॉडची लांबी कमी-जास्त करायची तर आधी त्यावरचा चेकनट, म्हणजे ती लांबी पक्की धरून ठेवणारा नट, सोडवावा लागतो. डाव्या बाजूच्या चेकनटवर पान्याचे ताजे, चकचकीत ओरखडे आहेत. उजव्या बाजूच्या नटावर मात्र जुना गंज आणि चिखलाचा थर जसाच्या तसा आहे. त्याला कोणी पाना लावलेलाच नाही. म्हणजे उजवा नट जाम होता, म्हणून दोन्ही चाकांची दुरुस्ती एकट्या डाव्या टाय रॉडवर केली गेली. असे केले तर दोन्ही चाकांचा मिळून टो मर्यादेत बसवता येतो. मोजताना स्टिअरिंग मधोमध लॉक केलेले नसेल तर रिपोर्टही हिरवा येतो. पण गाडी सरळ चालवायची तर स्टिअरिंग वाकडे धरावे लागते. मला चार दिवसांत परत का यावे लागले, त्याचे कारण हे.

डावा टाय रॉड फिरवताना स्टिअरिंग रॅकच्या (दोन्ही टाय रॉड ढकलणाऱ्या यंत्रणेच्या) रबर बूटची, म्हणजे टोकावरच्या रबरी आवरणाची, क्लिपही सैल केली गेली नाही. रॉडबरोबर बूट फिरला, पिळलेल्या फडक्यासारखा झाला आणि घडीवर फाटला. आपल्याकडे येण्याच्या दीड महिना आधी तेल बदलताना दोन्ही बूट पाहिले होते, ते शाबूत असल्याची नोंद वहीत आहे. फाटलेल्या बूटमधून धूळ आणि पाणी थेट रॅकमध्ये जाते. बूट हा किरकोळ भाग आहे, रॅक नाही. वेळेवर दिसले नसते तर आपल्या अलाइनमेंटमुळे मला आख्खा रॅक बदलावा लागला असता.

कोणताही भाग बदलण्याआधी त्या मेकॅनिकनी गाडी अलाइनमेंट मशीनवर घेतली. स्क्रीनवर डाव्या चाकाचा टो हिरवा होता. त्यांनी फक्त चाकाची पुढची कड हाताने बाहेरच्या बाजूला दाबली आणि आकडा २० मिनिटांनी (ही मिनिटे वेळेची नव्हेत, कोनाची) सरकून लाल झाला. हात काढला, तरी तो तिथेच राहिला. पुन्हा आत ढकलल्यावर परत हिरवा. आपला रिपोर्ट किती भरवशाचा होता हे मला त्या क्षणी समजले. मोजणीच्या वेळी चाक योगायोगाने ज्या जागी टेकले होते, त्या जागेचा तो आकडा होता. धावत्या गाडीत, ब्रेकखाली, खड्ड्यात चाक तिथे राहत नव्हते.

२० मिनिटे म्हणजे अंशाचा तिसरा भाग. ऐकायला काहीच नाही. पण चाक तेवढे तिरके धावले तर ते दर किलोमीटरला जवळजवळ ६ मीटर आडवे घासले जाते. ते सतत तसेच तिरके होते असे मी म्हणणार नाही. पण २,००० किलोमीटरमध्ये नवी नक्षी करवतीसारखी कशी झाली, याचे उत्तर यात आहे. आणि टायरपेक्षा टाय रॉड एंडची मला जास्त काळजी वाटते. तो सांधा निसटला तर त्या चाकावर स्टिअरिंगचा ताबाच राहत नाही. अशा गाडीतून मी आईला दर आठवड्याला फिजिओथेरपीला नेत होते, आणि मनात भरवसा होता तो आपल्या ‘ठीक’ या शब्दाचा.

रिपोर्टबद्दल आणखी एक गोष्ट. वरच्या ओळीत जे मॉडेल निवडले आहे ते माझ्या गाडीचे नाही. नाव तेच आहे, पण ती पुढची पिढी आहे, माझी गाडी घेतल्यानंतर काही वर्षांनी बाजारात आलेली. म्हणजे हिरवे-लाल ठरवणारी मापेही दुसऱ्याच गाडीची. शिवाय मागच्या डाव्या चाकाचा टो आधीही लाल आणि नंतरही लाल आहे. माझ्या गाडीचा मागचा ॲक्सल एकसंध आहे, तिथे फिरवायला काही नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मागची चाके कुठल्या दिशेला ढकलतात यावर गाडीचे सरळ चालणे अवलंबून असते. तो आकडा मला दाखवून दोन वाक्ये सांगायला हवी होती.

मशीनवर काम करणाऱ्या मुलावर माझा राग नाही. त्याच्यामागे चार गाड्या उभ्या होत्या आणि गंजलेला नट सोडवायला लागणारा वेळ त्याला कोणी दिला नव्हता, हे मी काचेतून पाहत होते. नटावर तेल मारून थोडा वेळ ठेवायचे, मग प्रयत्न करायचा, आणि तरीही सुटला नाही तर ग्राहकाला बोलावून तो दाखवायचा, एवढी सवड जुन्या गाडीला द्यावीच लागते. “बुश आणि टाय रॉड एंड बदलल्याशिवाय अलाइनमेंट करून उपयोग नाही,” असे आपल्याकडून कोणी सांगितले असते, तर मी त्याच दिवशी दोन्ही भाग आपल्याकडेच बदलून घेतले असते. गाडीच्या वयाचे कारण देऊन मला परत पाठवले गेले. त्याच वयामुळे तिचे सांधे आधी हलवून पाहायला हवे होते.

आता गाडीत डावीकडचा लोअर आर्म, दोन्ही टाय रॉड एंड आणि रॅकचा डावा बूट नवा आहे. उजवा चेकनट तेल मारून अर्ध्या तासाने सुटला. स्टिअरिंग मधोमध लॉक करून, माझ्या गाडीची मापे निवडून नव्याने अलाइनमेंट झाले. गाडी सरळ चालते, स्टिअरिंग सरळ राहते, ‘टक’ आवाज गेला आहे. टायरची झालेली झीज मात्र भरून निघणार नाही.

लोअर आर्म आणि टाय रॉड एंडचा खर्च मी आपल्याकडे मागत नाही, ते वयाने झिजले होते. अलाइनमेंटचे पूर्ण पैसे, बूटचा आणि तो बसवण्याचा खर्च, आणि दोन नव्या टायरच्या झिजेची रास्त भरपाई आपण द्यावी. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, ‘तपासले, ठीक’ ही नोंद कोणी केली, त्या वेळी गाडी लिफ्टवर घेतली होती का, आणि मी तक्रार घेऊन परत आले तेव्हा ती का पाहिली नाही, याचे लेखी उत्तर मला हवे आहे. ज्याने भाग हाताने हलवून पाहिला त्याचीच सही त्या खुणेपुढे असावी, अशी पद्धत आपण आपल्या सर्व केंद्रांत लावावी, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

काढलेले जुने भाग आणि पिळलेला बूट मी जपून ठेवले आहेत. आपल्या तांत्रिक प्रतिनिधीने येऊन ते आणि टायर प्रत्यक्ष पाहावेत, पूर्वसूचना दिल्यास मी उपलब्ध राहीन. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तराची अपेक्षा करते.

आपली ग्राहक

सोबत : जॉब कार्डची प्रत, अलाइनमेंटचे दोन्ही रिपोर्ट, चेकनट व रबर बूटचे फोटो, दुसऱ्या मेकॅनिकचे बिल, वहीतील संबंधित पानांच्या प्रती