पाच प्राइमला जी

आदरणीय सर,

नाव लिहू नको म्हणालात, म्हणून नुसतं सर.

डाळिंबाच्या कलमात तेल्या रोगाचा जीवाणू डाग दिसायच्या आधी ओळखायचा, एवढंच माझं काम. आमची सांगोल्याला बाग आहे. फळावर तेलकट डाग उठला, फळ तडकलं, की व्यापारी बांधावरूनच परत फिरतो, हे लहानपणापासून पाहिलंय. म्हणून हा विषय घेतला आणि दोन महिने एका रेघेपायी रडले. जेलवर पट्टी ठसठशीत यायची, म्हणजे डीएनए वाढत होता. पण डीएनए वाढताना उजेड मोजणाऱ्या रिअल टाइम पीसीआरच्या पडद्यावर फॅम या चमकत्या रंगाची रेघ जेमतेम उचलायची आणि तिथेच रेंगाळायची.

प्रोब, म्हणजे जीवाणूच्या डीएनएला जाऊन चिकटणारा, फॅम लावलेला छोटा तुकडा. तो पुरवणाऱ्यांना पाच मेल केले. उत्तर एकच, 'तुम्ही कळवलेला सीक्वेन्सच बनवलाय.' खरं होतं, त्याचाच जास्त राग आला. त्यांचा माणूस एकदा आला, कर्व्ह न बघताच म्हणाला, 'सोलापूरचा उन्हाळा आणि व्होल्टेज, मॅडम.' एका ज्येष्ठांनी तर माझा हातच चांगला नाही असं भर मीटिंगमध्ये सुनावलं. त्या रात्री होस्टेलवर मी खरंच स्वतःच्या हाताकडे बघत बसले होते.

तुम्ही मला ओळखतही नव्हतात. फोनवर म्हणालात, 'प्रोब वाचून दाखवा.' मी पहिलंच, म्हणजे पाच प्राइम टोकाचं, अक्षर 'जी' म्हटलं आणि तुम्ही हसलात. 'अगं, थांब तिथेच.' तुम्हीवरून अगंवर आलात तेव्हाच निम्मा धीर आला.

डीएनए वाढवणारं टॅक एन्झाइम पुढे सरकताना प्रोब कुरतडतं, फॅम त्याचा उजेड दाबणाऱ्या क्वेंचरपासून सुटतो आणि उजळतो, हे मला तोंडपाठ होतं. पण सुटलेल्या फॅमला पहिलं अक्षर चिकटूनच राहतं, आणि ते जी, म्हणजे ग्वानीन, असेल तर तेच त्याचा उजेड गिळतं, हे वाचूनही डोक्यात शिरलं नव्हतं. घरचा भेदी!

दहा मिनिटांनी तुमचा फोटो आला. जुन्या वहीचं पिवळं पान, त्यावर चिकटवलेला अगदी माझ्यासारखाच आडवा कर्व्ह, आणि खाली लाल शाईत तुमच्याच अक्षरात: 'पाच प्राइमला जी. गाढवपणा. तीन आठवडे गेले.'

सर, उपाय तर तुम्ही फोनवरच सांगितला होता. ते पान शोधायची काही गरज नव्हती. कपाट उघडून, धूळ झटकून, एका अनोळखी पोरीला स्वतःचा गाढवपणा कोण दाखवतं? आमच्याकडे चुकलेला रन फोल्डरमधून पुसून टाकतात आणि चांगला तेवढा पोस्टरवर लावतात. मग मागून येणारी प्रत्येक पोरगी त्याच खड्ड्यात पडते, वर तिचाच हात वाईट. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्या गावच्या लॅब चालतात, हे मी कुणाशीही भांडून सांगेन.

नवा प्रोब डीएनएच्या समोरच्या धाग्यावरून घेतला, 'सी'ने सुरू होणारा. रेघ ताडकन उभी राहिली. निगेटिव्ह कंट्रोल, म्हणजे जीवाणू नसलेला नमुना, शेवटपर्यंत जमिनीलाच. बाबांना फोटो पाठवला तर म्हणाले, 'हा कुठला घाट?'

तुमचं पान डीप फ्रीजरच्या दारावर लावलंय. ज्युनियर ते वाचून हसतात आणि मग गुपचूप आपापला सीक्वेन्स तपासतात.

हुतात्मा एक्स्प्रेसनं येणाऱ्या मैत्रिणीबरोबर शेंगाचटणी आणि कडक भाकरी पाठवतेय. डबा सवयीनं, प्रोबसारखाच, फॉइलमध्ये गुंडाळलाय. उजेडानं चटणीला काही होत नाही, माहितीय मला.

तुमची,
जीवाली पोरगी