बाबांच्या पाठीच्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर,

बाबा आता चाळीचा जिना कठडा धरून स्वतः उतरतात आणि ठाकूरद्वारच्या नाक्यावरून पेपर घेऊन येतात. तुमच्या ओपीडीत मागे रांग उभी असते, तिथे मनासारखं बोलता येत नाही, म्हणून हे जाहीर पत्र. अँकायलोजिंग स्पॉन्डिलायटिसचा माणूस ज्यांच्या घरात आहे, त्यांनीही ते वाचावं अशी इच्छा आहे.

बाबांचा आजार तरुणपणापासूनचा. मणके एकमेकांना जुळत जाऊन कणा ताठ झाला, पुढे वाकला. पावसाळ्यात मोरीत पाय घसरला आणि ते बसल्या जागी आपटले, एवढंच. एका ठिकाणी एक्स-रे बघून 'मुका मार आहे, शेक द्या' असं सांगून घरी पाठवलं. पाठ कायमच दुखणारी, त्यामुळे नवं दुखणंही त्यातच जमा झालं.

तुम्ही मात्र पहिलाच प्रश्न विचारलात, "काका, हे रोजचंच दुखणं आहे की वेगळं?" आणि संपूर्ण कण्याचा सीटी स्कॅन आणि एमआरआय करून घेतलात. छातीच्या दहाव्या मणक्यातून आरपार फ्रॅक्चर निघालं. अशा कण्यात हाड ठिसूळ झालेलं असतं आणि धक्का वाटून घ्यायला सांधे उरलेले नसतात. फ्रॅक्चरच्या वरचा-खालचा भाग लांब तरफेसारखा हलतो, आणि त्या हलण्यात मज्जारज्जूला इजा होऊ शकते, हे तुम्ही समजावलंत. बाबांना स्ट्रेचरवर सपाट झोपवत होते तेव्हा तुम्ही धावत येऊन वॉर्डबॉय मामांना थांबवलंत. त्यांच्या कण्याच्या नेहमीच्या बाकाप्रमाणे पाठीखाली, मानेखाली उशा लावायला सांगितल्यात. सरळ केलं असतं तर फट उघडली असती. त्या उशांसाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे.

मग ऑपरेशनचा प्रश्न. नातेवाइकांपैकी प्रत्येकाला छोट्या छेदाचंच हवं होतं. तुम्ही एक्स-रेच्या पाकिटावर चित्र काढून दोन्ही बाजू मांडल्यात. ओपन, म्हणजे मोठ्या छेदाच्या पद्धतीत पाठीचे स्नायू हाडापासून सोडवावे लागतात, रक्त जास्त जातं, जखम मोठी. पण मज्जारज्जूवरचा दाब प्रत्यक्ष बघून काढता येतो, बाक थोडा सुधारता येतो, मणके सांधायला हाडाचे तुकडे (ग्राफ्ट) ठेवता येतात. छोट्या छेदांतून स्क्रू बसवताना हे जवळजवळ काहीच करता येत नाही. सगळी मदार सी-आर्मच्या, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या चित्रावर, आणि जुळलेल्या कण्यात नेहमीच्या खुणाही पुसट झालेल्या. "पण काकांच्या पायात ताकद आहे, मज्जारज्जूवर दाब नाही, रक्त साकळलेलं नाही. आणि या आजारात हाड जुळून येण्याकडेच शरीराचा कल असतो," असं म्हणून तुम्ही छोट्या छेदांचा निर्णय घेतलात. फासळ्यांचे सांधेही आखडल्यामुळे बाबांची छाती नीट फुलत नाही. अंथरुणात पडून राहिले तर न्यूमोनियाची भीती. त्यांना लवकर उठवणं हाच तुमचा मुख्य मुद्दा होता.

पण त्याच वेळी तुम्ही हेही बजावलंत, की पायांतली शक्ती कमी झाली किंवा ऑपरेशन टेबलावर मणके नीट रेषेत आले नाहीत तर ओपन करावं लागेल, आणि तसं केलं तर ती माघार समजू नका. दोन पद्धतींची तुलना बहुतेक जुन्या रुग्णांच्या नोंदींवरून झालेली आहे, त्यामुळे कुठली एक सर्वांसाठी श्रेष्ठ असं मी म्हणणार नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. मला सर्वात मोठा धीर या बोलण्याने दिला. तुम्ही आम्हाला काही विकत नव्हतात.

फ्रॅक्चरच्या वर तीन आणि खाली तीन मणक्यांत स्क्रू, दोन रॉड. रक्ताची बाटली लागली नाही. दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपीच्या ताईंनी त्यांना वॉकर धरून उभं केलं.

एक निरोप द्यायचा आहे. मान मागे वळत नाही म्हणून बाबांना जागं ठेवूनच, कॅमेऱ्याच्या मदतीने श्वासनळीत नळी घालणाऱ्या भूलतज्ज्ञ मॅडम नंतर आम्हाला भेटल्या नाहीत. नळी जाईपर्यंत त्या सतत मराठीत बोलत होत्या, त्यामुळे भीती वाटली नाही, असं बाबा सांगतात. त्यांना आमच्या घरातल्या सगळ्यांचा नमस्कार सांगा.

तुमच्या पेशंटची मुलगी,
गिरगाव, मुंबई