विंटनची मोटार

पुणे

प्रिय मित्र सुहास यास,
सप्रेम नमस्कार.

मुलीकडे अमेरिकेत दोन महिने राहून गेल्या आठवड्यात परतलो. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात एका मोटारीपुढे बराच वेळ उभा राहिलो होतो, आणि ज्याने उभे आयुष्य गॅरेजमध्ये काढले त्या तुलाच तिची हकीकत आधी कळवायची, असे तिथेच ठरवले होते. लाल रंगाची गाडी. वर टप नाही, समोर काच नाही, दोन सिलिंडरचे इंजिन सीटखाली, मागच्या चाकांना साखळी, आणि स्टिअरिंग चक्क आपल्यासारखे उजवीकडे. ती विंटन कंपनीची.

अलेक्झांडर विंटन हा स्कॉटलंडहून आलेला, क्लीव्हलँडमध्ये सायकली बनवणारा माणूस. १८९७ साली त्याने मोटारीची कंपनी काढली आणि लोकांचा विश्वास बसावा म्हणून स्वतःच गाडी हाकत न्यूयॉर्क गाठले. १८९८ च्या मार्चमध्ये त्याने पहिली गाडी १,००० डॉलरला विकली. पुढच्या वर्षी शंभरावर गाड्या गेल्या आणि पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारींच्या धंद्यात त्या देशात त्याच्या पुढे कोणी उरले नाही.

त्याच सुमारास जेम्स वॉर्ड पॅकार्ड या गिऱ्हाइकाने विंटनची गाडी घेतली, आणि ती घरी नेतानाच वाटेत बंद पडून शेवटी घोडे जुंपून ओढून न्यावी लागली. पॅकार्ड स्वतः विजेच्या सामानाचा कारखानदार. तो तक्रारींबरोबर सुधारणाही सुचवू लागला. त्यावर विंटनने, एवढे कळते तर स्वतःच गाडी बनवा, अशा अर्थाचे उत्तर दिल्याचे सांगतात. पॅकार्डने ते मनावर घेतले, विंटनकडचीच दोन जाणती माणसे फोडली, आणि ६ नोव्हेंबर १८९९ रोजी त्याची पहिली मोटार रस्त्यावर आली. सुहास, तू तक्रार घेऊन आलेल्या माणसाला आधी खुर्ची द्यायचास, हे मला वाचताना सारखे आठवत होते.

दुसरा घाव १० ऑक्टोबर १९०१ रोजी डेट्रॉइटजवळच्या ग्रोस पॉइंटला बसला. दहा मैलांच्या शर्यतीत विंटन पुढे होता, पण बेअरिंग तापून गाडीतून धूर येऊ लागला, आणि मागून येणारा हेन्री फोर्ड जिंकला. तोवर फोर्डची पहिली कंपनी बुडालेली होती. या विजयामुळे त्याला पुन्हा भांडवल मिळाले.

तरीही संग्रहालयातल्या त्या गाडीचे श्रेय कोणी हिरावून घेऊ शकत नाही. १९०१ मध्ये खुद्द विंटन देश ओलांडायला निघाला आणि नेवाडाच्या वाळूत रुतून बसला. १९०३ च्या मे महिन्यात होरेशिओ नेल्सन जॅक्सन या डॉक्टरने ५० डॉलरची पैज घेऊन, सूअल क्रॉकर या मेकॅनिकला सोबत घेऊन, याच वापरलेल्या विंटनमध्ये सॅन फ्रान्सिस्को सोडले. वाटेत बड नावाचा कुत्रा घेतला आणि धुळीपासून जपायला त्याच्या डोळ्यांना गॉगल बांधला. ६३ दिवसांनी ते न्यूयॉर्कला पोहोचले. मोटारीने अमेरिका ओलांडण्याची ती पहिलीच वेळ. त्याच उन्हाळ्यात मागून निघालेल्या पॅकार्डच्या गाडीने दोन दिवस कमी घेतले, हे वाचून मला विंटनसाठी खरोखर वाईट वाटले.

१९०८ पासून विंटनने फक्त सहा सिलिंडरच्या, उत्तम आणि महाग गाड्या बनवायचे धोरण धरले. फोर्डची मॉडेल टी त्याच वर्षी आली. पुढे टी ३०० डॉलरच्या आत मिळू लागली, तर विंटनची गाडी हजारो डॉलरची. माझ्या मते कारागिरीत तो कधीच उणा पडला नाही. खप इतका थोडा होता की महायुद्धानंतरच्या मंदीत तग धरणे जमले नाही, आणि १९२४ मध्ये त्याने मोटारी बनवणे थांबवले.

त्याचा इंजिनांचा कारखाना मात्र चालू राहिला. १९३० मध्ये जनरल मोटर्सने तो घेतला आणि १९३२ मध्ये विंटन वारला. २६ मे १९३४ रोजी झेफर ही चकाकती आगगाडी डेन्व्हरहून शिकागोपर्यंतचे हजारावर मैल तेरा तासांच्या थोड्या वरच्या वेळात, वाटेत कुठेही न थांबता धावली, तेव्हा तिच्यात ६०० अश्वशक्तीचे विंटन डिझेल इंजिन होते.

फोटो काढले आहेत. दिवाळीत येशील तेव्हा दाखवीन. ती साखळी तू नीट पाहावीस अशी फार इच्छा आहे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
वसंत