रतनवाडीच्या मामा-मामींना

प्रिय मामा आणि मामी,

साष्टांग नमस्कार.

आम्ही तिघी, मी, लेक आणि बहीण, डोंबिवलीला सुखरूप पोचलो. तुमचा फोन आला तेव्हा कसाऱ्याहून सुटलेल्या लोकलमध्ये उभी होते, गर्दीत नुसतं "बसलो गाडीत, काळजी करू नका" एवढंच म्हणता आलं. जे बोलायचं होतं ते राहून गेलं. म्हणून हे पत्र. तुमचा भाचा फोनवर वाचून दाखवेल. "नाव बीव घालू नका" म्हणालात, म्हणून नाव घालत नाही, पण पत्र मात्र मुद्दाम उघड लिहितेय. गडाखालच्या गावात एखाद्याच्या शेतात तंबू टाकायचा, त्यांच्याच घरी जेवायचं आणि रोज तिथूनच डोंगरात जाऊन यायचं, असा तुमच्यासारखा मुक्काम असतो हेच डोंगरात जाणाऱ्या पुष्कळ जणांना माहीत नाही. मलाही नव्हतं.

कॉलेजात असताना आम्ही भटकायचो ते सगळा संसार पाठीवर घेऊन. तांदूळ, डाळ, पातेलं, दोर, चादरी, पाणी. बारा-चौदा किलोची सॅक. रतनगडावर तेव्हा एकदा गुहेत मुक्काम केला होता, पण गडाचं मला काही आठवत नाही, खांद्यांत रुतलेले पट्टे तेवढे आठवतात. मग लग्न, नोकरी, लेक, उजवा गुडघा. मधली अठरा वर्षं डोंगर सुटलाच. गेल्या वर्षी पुन्हा जायचं ठरवून भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी एका ठिकाणी तंबूत राहिलो, तर तिथं रात्री दोनपर्यंत स्पीकर चालू होते. सकाळी कुणालाच जाग आली नाही. डोंगर समोर उभा होता आणि आम्ही चहा पिऊन परत आलो. लेक तेव्हा काही बोलली नाही, पण तिचा चेहरा मी विसरले नाही.

त्यामुळे या डिसेंबरात तुमच्याकडे उतरलो तेव्हा मी जरा धास्तावलेलीच होते.

तुमची ती भाताची खाचरं! कापणी होऊन मोकळी झालेली, मधे बांध, बांधापलीकडे जलाशयाचं पाणी. लेकीनं तंबू ठोकायला घेतला तर तुम्ही तिला थांबवलंत आणि आधी पेंढा पसरलात, हातभर जाड. "धसकटं टोचतात गं, आणि खालची ओल पण वर येत नाही." पहिल्या रात्री पाठ टेकली तेव्हा त्या पेंढ्याचा वास आला आणि माझ्या बहिणीला आमच्या आजोळचं खळं आठवलं. पहाटे तंबू दवानं न्हालेला असायचा. मामी, तुम्ही रोज उन्हं आली की आमच्या स्लीपिंग बॅगा बांधावर वाळत टाकायचात. आम्ही तेव्हा डोंगरात असायचो. संध्याकाळी येऊन त्यात शिरलं की उन्हाची ऊब अजून आत असल्यासारखी वाटायची. हे काम तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, त्याचे पैसेही तुम्ही लावले नाहीत.

आणि वही. चुलीच्या खोलीत कारवीच्या कुडाला सुतळीनं टांगलेली ती दोनशेपानी वही. सकाळी चहाचा कप हातात देताना मामा, तुमचे दोन प्रश्न ठरलेले: "कुठं निघालात? कितीला येणार?" मी सांगायचे, लेक तिच्या अक्षरात लिहायची. परत आलो की त्या ओळीवर तुम्ही आडवी रेघ मारायचात. पहिल्या दिवशी मला वाटलं, हिशेबासाठी असेल.

आमचा बेतही तुम्हीच मोडून नव्याने मांडलात. आम्ही शनिवारी कळसूबाई धरून आलो होतो. तुम्ही म्हणालात, शनिवार-रविवारी तिथं बारी गावाच्या वाटेवर शिड्यांना रांग लागते, पोरीला घेऊन त्या गर्दीत कशाला? कळसूबाई मंगळवारवर ढकललीत. रविवारी रतनगड, कारण तो दारातूनच सुरू होतो. सोमवारी सांदणची घळ. हे सगळं एका जागी राहून. पाठीवर काय, तर दोन लिटर पाणी, भाकरी, टॉर्च आणि एक जास्तीचा शर्ट. अमृतेश्वराला नमस्कार करून प्रवरेच्या काठानं निघालो तेव्हा माझा गुडघा पहिल्यांदाच माझ्याशी भांडला नाही.

त्या रविवारचंच सांगायचं आहे.

शिड्या चढलो, गणेश दरवाजातून वर गेलो, रत्नाबाईच्या गुहेत तोंडावर पाणी मारलं आणि नेढ्यात, म्हणजे माथ्यावरच्या कातळातल्या आरपार भोकात, जाऊन बसलो. वारा एवढा की बोललेलं ऐकू येत नव्हतं. एका अंगाला अलंग, मदन, कुलंग हे गड ओळीनं, त्याच अंगाला कळसूबाई, दुसऱ्या अंगाला कोकणात कोसळलेले कडे. लेक म्हणाली, अजून पाच मिनिटं. मीही म्हटलं, अजून पाच मिनिटं. अठरा वर्षांनी आले होते, उठवेना. असं करत अडीच वाजले.

उतरताना जंगलात जिथं दोन वाटा फुटतात, तिथं आम्ही चुकलो. एक वाट रतनवाडीला येते, दुसरी कात्राबाईच्या खिंडीकडून हरिश्चंद्रगडाकडे जाते. सकाळी तुम्ही तिथली खूण सांगितली होती. मी गप्पांच्या नादात सरळ चालत राहिले. अर्ध्या तासानं लेकच थांबली. "आई, आपण खाली चाललोय ना? मग ही वाट चढतेय का?" त्या एका वाक्यानं माझ्या पोटात गोळा आला. मागे फिरलो. फाट्यापाशी पुन्हा येईपर्यंत पाच वाजून गेले होते. फोनला रेंज नाही. डिसेंबरात सहाला सूर्य जातो, आणि त्या झाडीत त्याच्याही आधी अंधारतं. दोन टॉर्च, त्यातला एक पिवळा पडलेला. नदी ओलांडायच्या जागी आलो तर समोर चार दगड, आणि पलीकडे वाट नेमकी कुठून वर जाते ते दिसेना. बहीण रडायच्या बेतात होती. मी लेकीचा हात धरून ठेवला होता, तिच्यासाठी की माझ्यासाठी, कुणास ठाऊक.

तेवढ्यात खालून हाळी आली. लांबवलेली, "ओऽऽऽ". मग उजेडाचा एक ठिपका झाडांतून हलत वर येताना दिसला.

मामा, तुम्ही आणि तुमचा भाचा. वहीत "चार वाजता" लिहिलं होतं. तुम्ही पाचपर्यंत वाट बघितलीत आणि निघालात. आम्ही जवळ आलो तेव्हा मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार, आणि ती रास्तच असतील. तुम्ही फक्त तिघींची डोकी मोजलीत, म्हणजे खरोखर बोटानं मोजलीत, आणि लेकीला विचारलंत, "भाकरी खाल्ली का दुपारी?" ती हो म्हणाली. "मग चला." नदी ओलांडताना प्रत्येक दगडावर तुमचा उजेड आमच्या पायांच्या आधी पोचत होता.

परत आलो तर मामींनी घमेल्यात ऊन पाणी काढून ठेवलेलं. मीठ टाकून. लेकीच्या टाचेवर फोड आला होता, तो तुम्ही न फोडता खोबरेल लावून फडकं गुंडाळलंत. मग नागलीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, खुरासणीची चटणी आणि शेवटी काळभाताचा ऊन ऊन भात. त्या भाताच्या वासानंच माझे डोळे भरून आले. तुम्ही पाठीवर हात फिरवलात आणि म्हणालात, "धूर झाला जरा." धूर नव्हता मामी.

जेवण झाल्यावर मामांनी वही काढली आणि आमच्या ओळीवर रेघ मारली. ती रेघ कसली असते ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी मी म्हणाले, आज नको, पडून राहू. तुम्ही ऐकलं नाहीत. "आज बसलीस तर पोरगी जन्मभर घाबरेल." भाच्याला बरोबर दिलंत आणि सांदणजवळच्या साम्रद गावाला पाठवलंत. सांदणच्या पहिल्या डोहात कमरेएवढं बर्फगार पाणी, दोन्हीकडे भिंतीसारखे कातळ, आणि लेक सगळ्यांच्या पुढे. दोर लावून खाली डेहण्याला उतरणारे काही जण तिथं भेटले. त्यांना सामानसुमान घेऊन पलीकडे जायचं होतं. आम्ही मात्र हवं तिथपर्यंत गेलो आणि वाटलं तेव्हा फिरलो, कारण आमचं घर मागे रतनवाडीत होतं. मंगळवारी कळसूबाई. शिड्यांवर आमच्या पुढेमागे मोजून सात-आठ माणसं. १६४६ मीटरवर, महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच जागी, देवीपुढे लेकीनं हात जोडले आणि पहिलं काय विचारलं असेल, तर "इथून रतनवाडी दिसते, तसे आपण तिथून मामांना दिसत असू का?"

निघताना हिशेब केला तेव्हा तंबूचे आणि जेवणाचे पैसे तुम्ही घेतलेत. त्या रात्रीचे वेगळे देऊ केले तर हात मागे घेतलात आणि म्हणालात, "ते वहीत नसतं." मी तेव्हा आग्रह केला नाही. केला असता तर तुम्हाला वाईट वाटलं असतं, एवढं चार दिवसांत कळलं होतं. पण मामा, जंगलात त्या अंधारात माझी लेक माझ्या हाताला होती आणि पुढची वाट मला माहीत नव्हती. तिथून तुम्ही आम्हाला घरी आणलंत. याचे आभार कसे मानतात ते मला येत नाही. मी रोज संध्याकाळी दिवा लावते तेव्हा तुमच्या घराचं नाव घेते, एवढं तुम्हाला सांगून ठेवते.

मामींचा भाकरीचा डबा आमच्याकडे राहिलाय. त्यात बहिणीनं डिंकाचे लाडू भरलेत. भाचा पुढच्या आठवड्यात कल्याणला येणार आहे म्हणाला होता, त्याच्याकडे देते. सोबत दोन दोनशेपानी वह्या आहेत. जुनीची फार पानं उरली नव्हती. नव्या वहीच्या पहिल्या ओळीत लेकीनं आत्ताच लिहून ठेवलंय, तेवढी ओळ मोकळी ठेवा: "तिघी आणि मामा. कात्राबाईची खिंड ते हरिश्चंद्रगड. पावसाळा सरल्यावर. कितीला येणार ते मामा सांगतील."

तुमची,
डोंबिवलीची भाची