संवर्धन कक्षाचे दार उघडा

उन्हाळी सुट्टीत संग्रहालये मुलांसाठी मातीकामाची, चित्रकलेची शिबिरे भरवतात. चांगलेच आहे, पण ती कुठेही होतात. संग्रहालयाचे खास काम, म्हणजे जुन्या वस्तूंची आणि चित्रांची निगा व दुरुस्ती, मात्र संवर्धन कक्षाच्या बंद दाराआड राहते. कापसाच्या बोळ्याने जुन्या चित्रावरचे पिवळे पडलेले वार्निश बोटभर जागेतून उतरते आणि खालचे निळे आभाळ दिसू लागते, हे मुलांना दाखवा. (बोळा कधी कधी चक्क लाळेने ओला करतात, हे ऐकून तर ती खिदळतीलच!) जलरंगातील चित्रांवर 50 लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आसपास, म्हणजे मंदच उजेड का ठेवतात, प्रकाशाने उडालेला रंग परत का येत नाही, हेही तिथेच कळेल. नाजूक कामापाशी गर्दी नको, हे मान्य. काचेपलीकडून, आठवड्यातून एक तास पुरे; फक्त माहिती प्रत्यक्ष काम करणाऱ्यानेच द्यावी, पाठ केलेले भाषण नको.

– एक वाचक