शैलानं वाट विचारली

पुणे, ६ ऑक्टोबर

प्रिय वासे,

फोनच करणार होते, पण फोनवर तू मधेमधे बोलतेस आणि मला हे सलग सांगायचंय. आमच्या तब्येती ठीक. शुगर काठावर, ह्यांचा गुडघा कुरकुरतोय. झालं.

शनिवार-रविवार शैलाबरोबर हरिश्चंद्रगडावर जाऊन आले. हस, हस. शुक्रवारी रात्री ओटा पुसत होते, तर बाईसाहेबांचा फोन. "पहाटे पाचला खाली उभी राहा, गडावर जायचंय." म्हटलं, कुठल्या गं? तर म्हणे, "आपल्याला गड एकच." ह्यांनी "टॉर्च ने" एवढंच म्हटलं आणि पुन्हा टीव्हीकडे वळले.

मी आपलं सुचवून पाहिलं, पाचनईकडून जाऊ, सोपं पडेल. शैला म्हणाली, ती मागच्या दाराची वाट. मग आळेफाट्याला मिसळ, खुबी फाट्याला वळून धरणाच्या बांधावरून खिरेश्वर आणि तिथून तोलार खिंड, अगदी पूर्वीसारखं. सोनकी अजून होती, कडेकडेनं वाळायला लागलेली. कातळटप्प्यावर आता लोखंडी रेलिंग आहे. तू त्याच जागी रडली होतीस. नाही म्हणू नकोस, साक्षीदार जिवंत आहेत.

आता ऐक. रेलिंग संपून आपण वर पठारावर येतो आणि पुढे त्या न संपणाऱ्या टेकड्या लागतात ना, तिथे एक पोरगा लिंबू सरबत घेऊन बसला होता. शैलानं ग्लास घेतला, चष्मा ओढणीला पुसला आणि त्याला विचारलं, "बाळा, देऊळ कुठल्या अंगाला रे?"

शैलानं विचारलं, वासे. शैलानं!

तूच सांग, टॉर्चचे सेल संपले होते त्या रात्री तिघींच्या ओढण्या एकमेकींना बांधून, धुक्यात, ह्याच टेकड्यांवरून आपल्याला देवळापर्यंत कोणी नेलं? परवा तर धुकं नावाला नव्हतं. दगडादगडावर बाण रंगवलेत. पोरानं हात करून दाखवलं, ती "हो हो, माहितीय" म्हणाली आणि दहा पावलं नेमकी उलट्या दिशेला चालली. मी "अगं इकडे" म्हटल्यावर हसली. पण ते हसू तिचं नव्हतं. पाहुण्यांसमोर भाजी खारट झाली की आपण हसतो, तसलं.

तू म्हणशील, वय झालं, आपण सगळ्याच विसरतो. मीही रात्रभर हेच म्हणत होते. मी गॅसवर दूध ठेवून पोस्टात जाते, ते वेगळं. पण मला ती वाट कधीच येत नव्हती, मी विसरणार काय?

कोकणकड्यावर गेलो. तिचं नेहमीचं भाषण झालं: कर्नल साइक्सनं इथून इंद्रवज्र पाहिलं, गोल इंद्रधनुष्य आणि मधोमध स्वतःची सावली, आणि १८३५ साली ते छापून आणलं. तारीख, वार्‍याचं कौतुक, सगळं बिनचूक. मग बसून चिक्की खाल्ली आणि तिनं तेच भाषण पुन्हा सुरू केलं. पहिल्या शब्दापासून, त्याच उत्साहात. शेजारी कॉलेजची मुलं होती, त्यांना वाटलं त्यांच्यासाठी चाललंय. मी खोटंखोटं "हो का?" म्हणत राहिले. जेवताना, पिठलं-भाकरी समोर आल्यावर, तिसऱ्यांदा.

आणि दुसरीकडे बघ हं. झोपडीवाल्या मावशींचा हिशेब तिनं तोंडी केला, मी बोटं मोजत होते. केदारेश्वराच्या गुहेत त्या बर्फासारख्या पाण्यात कमरेपर्यंत उतरून पिंडीला प्रदक्षिणा घातली. मी काठावरूनच नमस्कार केला. वर मला सुनावलं, "तू आणि वासंती दोघी कोरड्याच राहणार." उरलेल्या एका खांबाकडे बघून म्हणाली, हा पडला की कलियुग संपणार म्हणतात, तोवर वासीचा राग जाईल का विचार. जळक्या खिचडीवरून किती वर्षं भांडणार गं तुम्ही? पातेलं तूच चुलीवर विसरली होतीस, हे मी आज लेखी देते.

म्हणून तर कळत नाही. बी-१२ असेल, झोप नसेल. आई गेल्यापासून ती नीट जेवतही नाही. विनायकला सांगावं तर तो घरभर करील. तिलाच सांगावं तर उद्यापासून माझा फोन उचलणार नाही, तुला ठाऊक आहे ती. मुळात महिनाभर याद्या करणारी ही बाई एका रात्रीत अशी का निघाली? तिलाही काही जाणवलंय आणि स्वतःला तपासायला गेली असेल का? उतरताना मी मुद्दाम मागे राहिले, तर म्हणाली, "पुढे हो की, आज तू ने." तिच्या तोंडून हे आपण कधी ऐकलंय?

तू सासूबाईंचं पहिल्यापासून सगळं केलंस. सुरुवातीला नेमकं काय दिसलं होतं? तुम्ही कुठल्या डॉक्टरांकडे आधी गेलात आणि त्यांना राजी कसं केलंत? हे नीट लिही, बडोद्याच्या गप्पा नंतर.

चिनूचा व्हिसा झाला का? रंगकाम संपलं असेल. त्या फिक्या हिरव्याला मी नको म्हटलं होतं.

दिवाळीत येतेयस ना? आधी शैलाला फोन कर, खिचडीवरूनच भांड, पण अर्धा तास बोल. मी लिहिल्याचं कळू देऊ नकोस. मग तुला काय वाटलं ते मला त्याच दिवशी सांग.

तुझी,
कुंदा

ता. क. आळेफाट्याच्या मिसळीचे पैसे तिनं दिले आणि खिरेश्वरला मला विचारलं, तू दिलेस ना? हे वर लिहायचं राहिलं.