‘सीनियर आर्किटेक्ट’ म्हणून पाठवलेली व्यक्ती आर्किटेक्ट नसल्याबाबत तक्रार व भरलेली रक्कम परत मिळण्याची मागणी

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
गृहसजावट कंपनी, पुणे कार्यालय

महोदय,

सांगलीतील गावभागातल्या आमच्या जुन्या घराच्या नूतनीकरणासाठी आम्ही तुमच्या कंपनीकडे ८५,००० रुपये आगाऊ भरले. त्या कामासाठी तुम्ही ज्यांना ‘सीनियर आर्किटेक्ट’ म्हणून आमच्याकडे पाठवले, ते आर्किटेक्ट नाहीत. कोटेशनवर त्यांच्या नावाखाली ही पदवी छापलेली आहे, त्याची प्रत सोबत जोडली आहे. त्यांनी सुचवलेले काम तसेच झाले असते, तर आमच्या घराचा वरचा मजला धोक्यात आला असता. म्हणून हे पत्र सविस्तर लिहिते आहे.

आधी घराविषयी. हे घर सासऱ्यांच्या वडिलांनी बांधले. दगड-विटांच्या जाड भिंती, वर सागवानी तुळया आणि तक्तपोशी, म्हणजे लाकडी फळ्यांचे छत. कॉलम-बीमचा सांगाडा या घराला नाही. वरच्या मजल्याचे वजन तुळयांमधून थेट भिंतींवर येते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे, यावरून नदीजवळच्या गावभागात काय झाले असेल याची कल्पना पुण्यात बसूनही येईल. तळमजला पाण्यात होता. २०२१ मध्ये पाणी पुन्हा आले. माजघराच्या भिंतीवर दोन्ही वेळच्या पाण्याच्या रेषा आम्ही मुद्दाम ठेवल्या आहेत. सासूबाईंना जिना चढवत नाही, त्यामुळे त्यांची खोली, स्वयंपाकघर आणि बाथरूम खालीच नीट करून हवे होते.

हे सगळे मी तुमच्या प्रतिनिधीला पहिल्याच फोनवर सांगितले होते. तुमच्या फॉर्ममध्ये मात्र ‘टू बीएचके की थ्री बीएचके’, बजेट किती आणि मॉडर्न हवे की क्लासिक, एवढेच विचारलेले होते. घर किती जुने आहे, भार भिंतींवर आहे की कॉलमवर, पाणी येते का, यातला एकही प्रश्न नव्हता. म्हणून मी शेरा लिहायच्या जागेत लिहिले : जुने घर आहे, भिंतींचे जाणणारा माणूस पाठवा. त्यावर तुमच्याकडून उत्तर आले की खास जुन्या घरांचा अनुभव असलेले सीनियर आर्किटेक्ट येतील. तो मेसेज माझ्याकडे आहे.

आलेल्या गृहस्थांनी लेझर मीटरने मापे घेतली, फोटो काढले आणि काही दिवसांनी संगणकावर केलेली रंगीत चित्रे पाठवली. त्यात माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत पूर्ण काढून ‘ओपन किचन’ दाखवले होते. तक्तपोशीखाली फॉल्स सीलिंग होते. पुरात भिजलेल्या भिंतींवर पीव्हीसी पॅनेल होते. ओटा, कपाटे, ट्रॉल्या सगळे पार्टिकल बोर्डचे, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचे, जमिनीपासूनच सुरू होणारे. प्लगचे पॉइंट फूटभर उंचीवर आणि इन्व्हर्टरची बॅटरी जिन्याखाली. पाण्याच्या रेषा त्यांना हात लावून दाखवल्या होत्या, त्या रेषांच्या कितीतरी खाली हे सगळे येत होते.

भिंत पाडायच्या आधी आमच्या नेहमीच्या गवंडीकाकांना बोलावले. त्यांनी भिंतीकडे पाहिले, वर पाहिले आणि म्हणाले, “ताई, ही भित काढली तर वरल्या तुळया टेकायच्या कशावर?” त्यानंतर आम्ही स्वतः पैसे देऊन एका स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाहणी करून घेतली. त्यांच्या लेखी अहवालानुसार त्या भिंतीवर वरच्या खोलीच्या चार तुळया आहेत. पुराच्या पाण्याने तिच्या तळाशी सांध्यातला माल धुपलेला आहे. तिच्यात मोठी मोकळी जागा काढायचीच असेल, तर आधी वरचा भार आधार देऊन तोलून धरावा लागेल आणि लोखंडी बीम हिशोब करूनच बसवावा लागेल. पॅनेलमागे ओल कोंडून भिंत आतून आणखी खराब होईल आणि फॉल्स सीलिंगमुळे तुळयांना लागलेली वाळवी दिसणारही नाही, असेही त्यांनी लिहिले आहे.

हा अहवाल दाखवल्यावर मी तुमच्या त्या गृहस्थांना कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा, म्हणजे देशातल्या आर्किटेक्टची नोंदणी ठेवणाऱ्या संस्थेचा, नोंदणी क्रमांक विचारला. ‘सीए’ ही अक्षरे, वर्ष आणि पुढे क्रमांक असा तो असतो, आणि नोंदणीकृत आर्किटेक्टला तो सांगायला क्षणही लागत नाही. मला क्रमांक मिळाला नाही. कौन्सिलच्या नोंदवहीत त्यांचे नाव शोधले, सापडले नाही. पुढच्या ईमेलमध्ये त्यांच्या नावाखाली ‘सीनियर आर्किटेक्ट’च्या जागी ‘डिझाइन कन्सल्टंट’ आले होते. दोन्ही ईमेल सोबत आहेत.

आर्किटेक्ट्स अॅक्ट, १९७२ च्या कलम ३७ नुसार कौन्सिलकडे नोंदणी नसलेल्या व्यक्तीला ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे की हे कलम उपाधी वापरण्यापुरते आहे, नोंदणी नसलेल्यांना डिझाइनचे काम करण्यास ते मनाई करत नाही. त्यामुळे तुमच्या माणसाने काम का केले, अशी माझी तक्रार नाही. इंटिरिअर डिझायनरच्या कामाविषयी मला आदर आहे. माझ्या बहिणीचा विश्रामबागमधला फ्लॅट एका इंटिरिअर डिझायनरनेच केला आणि फार विचारपूर्वक केला. पण तिथे भिंतीला हात लावायचा नव्हता. आमच्या घराला भार समजणारा माणूस हवा होता, तसा मी मागितला होता, आणि तुम्ही तो पाठवल्याचे खोटे सांगितलेत.

दुसरी गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. तुमच्या जाहिरातीत ‘डिझाइन मोफत’ आहे. म्हणजे डिझाइन करणाऱ्याचा पगार आमच्या फीमधून येत नाही, तो विकलेल्या फर्निचरमधून येतो. भिंत गेली की ओटा लांब होतो, कपाटे वाढतात, कोटेशन फुगते. नोंदणीकृत आर्किटेक्ट घरमालकाकडून ठरलेली फी घेतो. कामे मिळवून देण्यासाठी कमिशन देण्या-घेण्यास त्याला १९८९ च्या व्यावसायिक वर्तन नियमांनी मनाई आहे. ‘ही भिंत ठेवा, खर्च वाचेल’ असे सांगून त्याचे नुकसान होत नाही. तुमच्या माणसाला ते सांगणे परवडणारे नव्हते. पदवीच्या नावाने दाखवलेला भरवसा आणि प्रत्यक्षातले विक्रीचे लक्ष्य यांतला हा फरक पैसे घेण्याआधी सांगणे तुमचे कर्तव्य होते.

रक्कम परत मागितल्यावर ‘डिझाइनचा टप्पा पूर्ण झाला, त्यामुळे आगाऊ रक्कम परत मिळणार नाही’ आणि ‘वाद पुण्याच्या न्यायकक्षेत’ अशी दोन उत्तरे आली. मला दोन्ही मान्य नाहीत. जे डिझाइन अमलात आणले तर घर धोक्यात येते, ते पूर्ण झालेले काम नव्हे. आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे सांगलीतच.

माझ्या मागण्या अशा आहेत. ८५,००० रुपये पूर्ण परत करावेत आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या पाहणीचे ६,००० रुपयेही द्यावेत. त्या गृहस्थांची शैक्षणिक पात्रता लेखी कळवावी. तुमच्या संकेतस्थळावर, कोटेशनवर आणि ओळखपत्रांवर नोंदणी नसलेल्या कोणाच्याही नावापुढची ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी काढावी. भार घेणाऱ्या भिंतींच्या घरात स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीशिवाय भिंत पाडण्याचा आराखडा कोणालाही देऊ नये. या गावात अशी घरे गल्लोगल्ली आहेत आणि पुरानंतर त्यांतली बरीच दुरुस्तीला आली आहेत, म्हणून ही मागणी मी फक्त स्वतःसाठी करत नाही. आमच्या घराचे फोटो तुमच्या जाहिरातीत वापरू नयेत, हेही लेखी हवे.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम जमा झाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून सांगली जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन, आणि उपाधीच्या गैरवापराबाबत कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरला कागदपत्रांसह कळवेन.

सोबत : कोटेशन, पैसे भरल्याची पावती, मेसेज व ईमेलच्या प्रती, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल, भिंतीचे फोटो.

आपली,
एक ग्राहक
गावभाग, सांगली